ड्रमवर कोण बसले आहे, ते आधी पाहावे

ओसीज या कॅलिफोर्नियातील गॅरेज-पंक बँडविषयी चर्चा निघाली की पहिल्या दोन-तीन वाक्यांतच एक ठरावीक विधान येते: हा बँड म्हणजे जॉन ड्वायर, बाकीचे येतात आणि जातात. हे विधान खोटे नाही. पंचवीसहून अधिक अल्बमांवर पहिल्यापासून आजपर्यंत असलेला माणूस तो एकटाच आहे. गाणी त्याची, गळा त्याचा, गिटार त्याची आणि कॅसल फेस ही रेकॉर्ड कंपनीही त्यानेच मित्रांबरोबर काढलेली. तरीही मला हे विधान आळशीपणाचे वाटते, कारण या बँडचा आवाज इतक्या वेळा आणि इतक्या टोकापर्यंत कसा बदलला, या खऱ्या प्रश्नाला ते हातच घालत नाही. ड्वायरची गिटार कोणत्याही काळातील ध्वनिमुद्रणात दोन-चार स्वरांत ओळखू येते. बदलत गेले ते तिच्या भोवतीचे सगळे. म्हणून या बँडचा इतिहास गिटारच्या बाजूने न लिहिता ड्रमच्या स्टुलाच्या बाजूने लिहावा, आणि त्याच्या जोडीला दुसरा गळा कोणाचा आहे याची नोंद ठेवावी, असे माझे मत बनले आहे.

नावाचा गोंधळ आधी निस्तरतो. सुरुवातीला 'ओसीएस' हे नाव होते, म्हणजे 'ओरिनोका क्रॅश स्वीट' या लांबलचक नावाची आद्याक्षरे. मग त्याचे 'द ओ सीज' झाले, २००८ पासून जुन्या वळणाच्या स्पेलिंगचे 'दी ओ सीज', २०१७ मध्ये नुसते 'ओ सीज', त्याच वर्षी एका अल्बमापुरते पुन्हा 'ओसीएस', आणि २०२० पासून सलग एका शब्दात 'ओसीज'. दुकानात अल्बम शोधणाऱ्याची यात पुरती फरफट होते. मी मात्र पुढे सर्वत्र 'ओसीज' असेच लिहिणार आहे.

गॅरेज-पंक या प्रकारात बदल हा गुण मानला जात नाही, हे येथे लक्षात घ्यायला हवे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतील कोवळ्या वयाच्या पोरांनी स्वस्त गिटारी, फाटका आवाज आणि तीन स्वरमेळ यांच्या बळावर जे केले, ते पुढच्या पिढ्यांनी जवळजवळ व्रत म्हणून जपले. इंग्लंडमधील केंट परगण्यातला बिली चाइल्डिश याचे ठळक उदाहरण आहे. साथीदार बदलले की तो बँडचे नावही बदलतो. दी मायटी सीझर्स, दी हेडकोट्स अशी त्याची कितीतरी नावे सांगता येतील, पण आवाज मात्र दशकानुदशके तोच. ड्वायरने नावातले ते जुन्या वळणाचे 'दी' त्याच परंपरेतून उचलले आणि नेमके उलटे केले: नाव थोडेफार तेच ठेवले आणि आवाज उलटापालटा केला. अशी वाट याआधी एका माणसाने थोडीफार मळून ठेवली होती, तो म्हणजे डेट्रॉइटचा मिक कॉलिन्स. त्याच्या गोरीज या तिघांच्या बँडमध्ये बास नव्हता. त्यानंतरच्या डर्टबॉम्ब्समध्ये त्याने दोन बास आणि दोन ड्रमर ठेवले. साथीदारांची संख्या आणि मांडणी हीच रचना असू शकते, हे त्याने दाखवून दिले होते. डर्टबॉम्ब्सचे अल्बम लॉस एंजेलिसच्या 'इन द रेड' या कंपनीने काढले, आणि पुढे ओसीजचे सर्वांत गाजलेले काही अल्बमही त्याच कंपनीचे आहेत.

ड्वायर मूळचा ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्सचा. त्या छोट्या शहरात नव्वदच्या दशकात गोंगाटाची एक स्वतंत्र संस्कृती उभी राहिली होती. लाइटनिंग बोल्टसारखे बँड तेथे व्यासपीठ सोडून श्रोत्यांच्या मधोमध, जमिनीवर वाद्ये मांडून वाजवत. ड्वायर त्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोला आला तो ही सवय बरोबर घेऊन. पिंक अँड ब्राउन या दोघांच्या बँडमध्ये एक जण गुलाबी आणि दुसरा तपकिरी वेश चढवून वाजवत असे. त्यानंतरचा कोचव्हिप्स हा तिघांचा बँड गिटार, स्वस्तातला कीबोर्ड आणि ड्रम एवढ्यावर चालत असे. ड्वायर टेलिफोनच्या रिसीव्हरपासून बनवलेल्या मायक्रोफोनमधून किंचाळत असे आणि त्यांचा सर्वांत गाजलेला अल्बम वीस मिनिटांच्या आत संपतो. गॅरेज-पंकची हाडे उघडी करून दाखवावीत तसे ते संगीत आहे. मला ते आवडते, पण सलग दोन अल्बम ऐकवत नाहीत.

ओसीएस हा त्या काळातला त्याचा घरगुती उद्योग होता. बाहेर आरडाओरडा करून आलेला माणूस घरी बसून जे करील ते: हलक्या हाताची गिटार, टेपची खरखर, पुटपुटल्यासारखे गाणे, मध्येच निव्वळ आवाजांचे तुकडे. २००३ ते २००५ या काळात असे चार अल्बम निघाले. त्यांत पॅट्रिक मलिन्स त्याच्या जोडीला आला. तो ड्रम वाजवत असे आणि त्याबरोबर करवतही, म्हणजे सुतारकामाची करवत वाकवून धनुकलीने वाजवतात तो प्रकार. त्या करवतीचा सूर हेलकावत, कापत वर जातो आणि ड्वायरच्या गिटारमागे कोणी दूरवर रडत असल्याचा भास होतो. हा बँड पुढे जगभर धिंगाण्यासाठी ओळखला गेला, हे त्या ध्वनिमुद्रणांवरून कोणालाही सांगता आले नसते.

मग ब्रिजिड डॉसन आली. या बँडच्या इतिहासात ड्वायरनंतर कोणाचे नाव घ्यायचे, असे मला विचारले तर मी तिचे घेईन. २००६ आणि २००७ च्या अल्बमांत तिचा गळा ड्वायरच्या गळ्याला जोडला गेला तो एका विशिष्ट पद्धतीने. सर्वसाधारण बँडमध्ये दुसरा गळा ध्रुवपदाला येतो, मुख्य गायकाला टेकू देतो आणि बाजूला होतो. येथे दोघे संपूर्ण ओळ एकत्र म्हणतात, बहुतेक वेळा तीच चाल, फक्त डॉसन वरच्या पट्टीत. ड्वायरचा आवाज किनरा, कधी पोरकट, कधी घुसमटलेला. डॉसनचा शांत आणि सरळ. दोन्ही एकमेकांवर बसले की तिसराच कोणी गातो आहे असे वाटू लागते. गाण्याचे शब्द मृत्यूचे, सडण्याचे, रक्ताचे आणि चाल मात्र बालगीताची, हा या बँडचा विनोद तिच्या गळ्याशिवाय जमलाच नसता. २००७ चा 'सक्स ब्लड' हा अल्बम काढण्यासाठीच ड्वायर आणि त्याच्या मित्रांनी कॅसल फेस ही कंपनी सुरू केली. पुढे गॅरेज-रॉकमध्ये नाव कमावलेल्या टाय सिगॉल या गायक-गिटारवादकाचा पहिला अल्बमही पुढच्याच वर्षी याच कंपनीने काढला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या सगळ्या पिढीवर या घरगुती उद्योगाचे ऋण आहे.

२००८ मध्ये 'द मास्टर्स बेडरूम इज वर्थ स्पेंडिंग अ नाइट इन' आला आणि बँड पायावर उभा राहिला. ड्रमवर माइक शून होता आणि बासच्या जागी पीटी डॅमिट, ज्याच्या हातात बास नव्हतीच. तो सहा तारांच्या साध्या गिटारवर खालच्या पट्टीत बासचे काम करीत असे. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण त्या काळच्या आवाजाचे निम्मे रहस्य त्यात आहे. खऱ्या बासचा पोटात बसणारा घुमारा नसल्यामुळे तळाशी एक कोरडी, खरबरीत रेघ राहते. ड्वायरची गिटार आणि डॅमिटची गिटार यांच्यात फारसे अंतर उरत नाही, आणि सगळा बँड एकाच स्पीकरमधून बाहेर पडत असल्यासारखा दाटीवाटीने ऐकू येतो. शूनचे वाजवणे त्याला शोभेसे होते: सरळ, आडपडदा न ठेवणारे, फुकाची कसरत न करणारे. 'ब्लॉक ऑफ आइस' ऐकावे. ड्रम एका रेषेत चालतो, दोन गळे एकत्र ओळ टाकतात आणि गिटार तिला मागून धक्का देते. त्यानंतरच्या 'हेल्प' या २००९ च्या अल्बमाचे पहिले गाणे 'एनिमी डिस्ट्रक्ट' हे तर गॅरेज-पंक म्हणजे काय असे कोणी विचारल्यास उत्तरादाखल वाजवून दाखवावे असे आहे.

या चौघांची घडी नीट बसली होती, आणि घडी बसली की गाणी लांबू लागतात, असा या बँडचा स्वभाव तेव्हाच दिसला. २०१० च्या 'वॉर्म स्लाइम'चे शीर्षकगीत तेरा मिनिटांहून अधिक चालते. गॅरेज-पंकमध्ये तेरा मिनिटे म्हणजे एरवी अल्बमाची अख्खी एक बाजू, आणि येथेही त्या गाण्याने ती अडवलीच. मात्र ती लांबी आलापीची नाही. एकाच ठेक्यावर तग धरून राहण्याची ती चाचणी आहे आणि ती शूनने पार पाडली. ड्रमर जरा जरी चंचल असता तरी ते गाणे पाचव्या मिनिटाला कोसळले असते.

माझ्या म्हणण्याला सर्वांत बळकट पुरावा २०११ या एका वर्षात सापडतो. त्या वर्षी ओसीजचे दोन अल्बम निघाले. पहिला 'कॅसलमेनिया' ड्वायरने बहुतांशी एकट्याने, स्वतःच एकेक वाद्य वाजवून रचला. त्यात फुंकवाद्ये आहेत, बासरी आहे, साठच्या दशकातील विक्षिप्त पॉपची गोडी आहे. गाणी अंगणात पसरलेल्या खेळण्यांसारखी इकडे तिकडे पडलेली. दुसरा 'कॅरियन क्रॉलर/द ड्रीम' पूर्ण बँडचा, आणि त्यात शूनच्या शेजारी दुसरा ड्रमर बसवलेला: सिएटलच्या इंटेलिजन्स या बँडचा लार्स फिनबर्ग. गाणी लिहिणारा दोन्हीकडे ड्वायरच, साल तेच. तरीही दोन्ही अल्बम एकाच्याच नावावर आहेत यावर अनोळखी माणसाचा विश्वास बसू नये. 'द ड्रीम' हे जवळपास सात मिनिटांचे गाणे एकाच धावत्या ठेक्यावर उभे आहे, आणि त्यात गिटार जे करते ते कोणीही करू शकेल, पण खालचे इंजिन मात्र थांबवता येत नाही. ड्वायर मध्येमध्ये जी 'हू' अशी आरोळी ठोकतो, ती त्याला स्वतःलाच आवरत नसावी असे वाटते. एकटा असताना हा माणूस खेळकर पॉप लिहितो आणि पाठीशी दोन ड्रम असले की आगगाडी चालवतो. मग बँड म्हणजे फक्त ड्वायर, हे कसे मान्य करावे?

फिनबर्ग फार काळ टिकला नाही. २०१२ चा 'प्युट्रिफायर्स टू' हा मधल्या काळातला, तंतुवाद्ये घातलेला, चांगला पण संकोची अल्बम. तो मी ओलांडून पुढे जातो. २०१३ चा 'फ्लोटिंग कॉफिन' मात्र त्या चौघांचा कळस आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस बँडने विश्रांती घेत असल्याचे जाहीर केले. ड्वायर लॉस एंजेलिसला निघाला होता आणि डॉसनही सॅन फ्रान्सिस्को सोडणार होती. तंत्रज्ञान-कंपन्यांच्या पैशाने त्या शहरातील भाडी तोपर्यंत अशी चढली होती की ड्रम बडवून पोट भरणाऱ्यांना तेथे राहणे कठीण झाले होते, आणि त्या पिढीतील बरेच जण याच वाटेने दक्षिणेकडे गेले. संगीताच्या इतिहासात प्रतिभा, मतभेद, व्यसने यांवर पुष्कळ लिहिले जाते. बँड फुटण्यामागे घरभाडे असते हे सहसा लिहिले जात नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

२०१४ चा 'ड्रॉप' ड्वायर आणि त्याचा जुना साथी, ध्वनिमुद्रक ख्रिस वुडहाउस यांनी प्रामुख्याने दोघांत केला. केळी पिकवण्याच्या गोदामात त्याचे ध्वनिमुद्रण झाले असे कंपनीनेच सांगितले होते. अल्बम वाईट नाही. फक्त त्यात डॅमिटची ती कोरडी रेघ आणि शूनचा सरळपणा नाही, आणि त्यांची उणीव जागोजागी जाणवते. २०१५ च्या 'म्युटिलेटर डिफीटेड अॅट लास्ट'साठी नवी मंडळी आली: बासवर सिक आल्प्स या बँडमध्ये वाजवलेला टिम हेलमन आणि ड्रमवर निक मरे. हेलमनच्या हातात खरी बास होती, आणि पहिल्याच गाण्यापासून बँडला एकाएकी तळमजला मिळाल्यासारखे होते. 'वेब'मध्ये बास आणि गिटार यांच्या वाटा प्रथमच स्पष्टपणे वेगळ्या ऐकू येतात. ड्वायरला वर मोकळी जागा मिळाली आणि तो तिचा वापर करू लागला. गिटार आता ठेक्याला चिकटून न राहता भटकते, ओरखडे काढते, परत येते. भाकरी फिरवली की काय होते, ते पाहायचे असेल तर 'ड्रॉप' आणि 'म्युटिलेटर' लागोपाठ ऐकावेत.

मरेनंतर ड्वायरने २०११ चा प्रयोग कायमचा केला. रायन मुतिन्हो आणि डॅन रिंकन असे दोन ड्रमर एकाच वेळी बँडमध्ये आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या चॅपल या सभागृहात २०१५ च्या उन्हाळ्यात झालेल्या कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी 'लाइव्ह इन सॅन फ्रान्सिस्को' या नावाने निघाले, आणि त्याचे चित्रीकरणही उपलब्ध आहे. ते नीट पाहावे, कारण या बँडची सगळी कल्पना त्यातील जागांच्या वाटपात दिसते. रॉकच्या रंगमंचावर ड्रमर मागे, उंच ओट्यावर, झांजांच्या आड दडलेला असतो. येथे दोन्ही ड्रम अगदी पुढे, श्रोत्यांच्या नाकासमोर, एकमेकांना खेटून मांडलेले. ज्याला बँडचा मालक म्हणतात तो ड्वायर कडेला उभा, गिटारचा पट्टा इतका आखूड केलेला की गिटार छातीच्याही वर, जवळपास हनुवटीखाली. त्याची नजर सारखी ड्रमरांकडे जाते. गाणे कधी वळवायचे, कधी तोडायचे, ते मानेच्या झटक्याने ठरते.

दोन ड्रमर म्हटले की आपल्याकडे लगेच जुगलबंदी आठवते, पण हा तो प्रकार नव्हे. येथे सवाल-जवाब नाही, एकाने थांबून दुसऱ्याला वाव देणे नाही. दोघे बहुतांश वेळ जवळजवळ तेच वाजवतात, आणि 'जवळजवळ' हाच त्यातला मर्म आहे. दोन माणसांचा घाव अगदी एकाच क्षणी पडत नाही. केसाएवढा फरक राहतो, आणि त्या फरकामुळे प्रत्येक ठोका एकट्या ड्रमरच्या ठोक्यापेक्षा रुंद होतो. मग मध्येच एक जण झांजेवर सरकतो किंवा ठेक्यात एखादी जास्तीची थाप घालतो, दुसरा जागचा हलत नाही, आणि रेषेला अचानक जाडी येते. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत हा परिणाम यंत्राने साधता आला असता. तो घामाने साधायचा हट्ट धरणे हे मात्र खास गॅरेज-पंकचे लक्षण आहे, आणि म्हणूनच पुढे हा बँड कितीही लांब भटकला तरी त्याला त्या घराण्याबाहेर काढायला माझी तयारी नाही.

या जोडीबरोबर २०१६ मध्ये 'अ वियर्ड एक्झिट्स' आणि 'अॅन ऑड एंट्रन्सेस' असे दोन जुळे अल्बम आले. पहिला जोरकस, दुसरा त्याची उरलेली, निवांत बाजू. 'जॅम्ड एंट्रन्स'सारख्या शब्दविरहित तुकड्यांत ड्रमर पुढे आणि गिटार मागे, ही रंगमंचावरची मांडणी आता रचनेतही उतरली होती. त्यानंतर मुतिन्हो गेला आणि त्याच्या जागी पॉल क्वाट्रोन आला. तो पिट्सबर्गच्या मोडी लेमन या बँडमधला आणि तीन उद्गारचिन्हे हेच नाव असलेल्या नृत्य-पंक बँडमध्येही वाजवलेला. नाचण्याच्या संगीतातून आलेला ड्रमर आणि सरळ पंकमधून आलेला ड्रमर यांच्या ठेक्याच्या कल्पना वेगळ्या असतात. क्वाट्रोनच्या हातात लवचीकपणा आहे, तो दोन ठोक्यांमधल्या जागेत खेळतो. २०१७ च्या 'ऑर्क'मधील पहिलेच 'द स्टॅटिक गॉड' ऐकताना वेग पूर्वीचाच असल्याचे कळते, पण त्या वेगाला आता कंबर आली आहे.

त्याच वर्षी ड्वायरने २०११ ची खेळी पुन्हा केली. 'ऑर्क'नंतर काही महिन्यांत ओसीएस या जुन्या नावाने 'मेमरी ऑफ अ कट ऑफ हेड' हा हलका, तंतुवाद्यांनी सजलेला अल्बम काढला आणि त्यासाठी ब्रिजिड डॉसनला परत बोलावले. ती येताच पुटपुटल्यासारखे गाणे परत आले, विषारी शब्दांवरची गोड चाल परत आली. दहा वर्षांपूर्वीचा तो आवाज इतक्या सहज उघडला की तो कोणाच्या गळ्यात ठेवलेला होता याविषयी शंका उरू नये.

'स्मोट रिव्हर्सर' आणि त्यानंतरचा 'फेस स्टॅबर' या काळात कीबोर्डसाठी टॉमस डोलास आला आणि बँड पाच जणांचा झाला. येथे माझे मन थोडे आखडते. 'स्मोट रिव्हर्सर'मध्ये ऑर्गनचा धूर, जड गिटार आणि दोन ड्रम यांचा तोल साधलेला आहे. सत्तरच्या दशकातील अवजड रॉक गॅरेजच्या दारातून कसे आत आणावे याचा तो धडा आहे. 'फेस स्टॅबर' मात्र सुमारे ऐंशी मिनिटांचा आहे आणि त्यातील 'हेन्चलॉक' हे शेवटचे गाणे एकवीस मिनिटे चालते. जॅझकडे झुकलेल्या या वाटेवर वाजवणाऱ्यांना फार मजा आली असणार यात शंका नाही. पण 'वॉर्म स्लाइम'च्या तेरा मिनिटांत जो धोका होता, की आता हे कोसळणार, तो येथे नाही. पाच कसलेले वादक कोसळत नाहीत. वादक जितके चांगले तितके गॅरेज-पंकला अवघड, असे काहीसे येथे घडले, आणि मला वाटते ड्वायरच्याही ते ध्यानात आले असावे.

कारण पुढे जे झाले त्याने माझ्या मूळ मुद्द्याला चांगलाच धक्का दिला. ड्वायर, हेलमन, रिंकन, क्वाट्रोन आणि डोलास हे पाच जण तेव्हापासून कायम आहेत. इतकी स्थिर फळी या बँडने कधीच पाहिली नव्हती. माणसे बदलली की आवाज बदलतो, हे खरे असेल तर २०२० नंतर आवाज एका जागी थांबायला हवा होता. प्रत्यक्षात तो पूर्वीपेक्षाही जोरात हलला. २०२० मध्ये 'प्रोटीअन थ्रेट'ने गाणी पुन्हा आखूड केली. २०२२ च्या 'अ फाउल फॉर्म'ने तर हद्दच केली: ड्वायरच्या घराच्या तळघरात ध्वनिमुद्रित केलेला, सगळा मिळून बावीस मिनिटांचा, ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच्या हार्डकोर पंकला, म्हणजे पंकच्या अधिक वेगवान आणि आक्रमक प्रकाराला वाहिलेला अल्बम, ज्याच्या शेवटी रुडिमेंटरी पेनाय या इंग्रजी बँडचे गाणे आहे. ऐंशी मिनिटांवरून बावीस मिनिटांवर, आणि माणसे तीच. त्याच्या पुढच्या वर्षी 'इंटरसेप्टेड मेसेज'मध्ये सिंथेसायझरवर चालणारे, जवळपास नाचरे पंक.

याचा उलगडा मला २०२४ च्या 'सॉर्क्स ८०'मुळे झाला. त्या अल्बमात गिटार नाही. ड्वायर आणि डोलास दोघे सॅम्पलर घेऊन उभे आहेत, आवाजांचे तुकडे बोटांनी ठोकून वाजवतात, आणि जोडीला सॅक्सोफोन आहेत. पूर्वी ड्वायर दुसऱ्याला बदलून आवाज बदलत असे. आता बदलण्यासारखे कोणी उरले नाही, तेव्हा त्याने स्वतःच्या हातातले वाद्य काढून घेतले. फळीतून गिटारवाला गेला आणि त्याच्या जागी त्याच नावाचा एक सॅम्पलरवाला आला, असे म्हटले तरी चालेल. 'अ फाउल फॉर्म'ही मग त्याच हिशेबात बसतो: तेथे वाद्ये काढली नाहीत, पण वेळ काढून घेतला, म्हणजे कसलेल्या वादकांना कसब दाखवायला जागाच ठेवली नाही. आणि या सगळ्या उलथापालथीत न बदललेली एकच जागा आहे: समोरचे दोन ड्रम. सॅम्पलरवर बोटे आपटणारे दोघे आणि टिपऱ्या आपटणारे दोघे मिळून 'सॉर्क्स ८०'मध्ये एका अर्थाने चार तालवादकच आहेत, आणि गिटारशिवायही हा ओसीजच आहे हे पहिल्या मिनिटात कळते ते त्यामुळे. रिंकन आणि क्वाट्रोन ही जोडी २०१७ पासून टिकली आहे. जो स्टूल सतत रिकामा होत असे तो पक्का झाला, म्हणून बाकीचे सगळे हलवता आले.

२०२५ च्या 'अबॉमिनेशन रिव्हील्ड अॅट लास्ट'मध्ये गिटार परतली आहे आणि सूर संतापाचा आहे. त्यावर मत बनवायला मला अजून थोडे ऐकायचे आहे. पण एक तक्रार आताच नोंदवून ठेवतो. ब्रिजिड डॉसनने २०२० मध्ये मदर्स नेटवर्क या आपल्या साथीदारांबरोबर 'बॅले ऑफ एप्स' हा स्वतःचा अल्बम कॅसल फेसकडूनच काढला, आणि तो ऐकताना तिचा गळा पूर्वीहून भरदार झाला असल्याचे जाणवते. दोन ड्रम, दोन सॅम्पलर आणि वर ड्वायर व डॉसन यांचे ते एकमेकांवर बसलेले गळे, अशी फळी या बँडने कधीच उभी केलेली नाही. ड्वायरला पुढच्या वेळी काय बदलावे असा प्रश्न पडला, तर माझे मत हे आहे.